संसद : सत्तेची घडण आणि सत्तेवरील अंकुश

भारतीय राज्यघटनेच्या ७९ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा या तीन घटकांची मिळून संसद बनते. 'दोन सभागृहे म्हणजे संसद' ही व्याख्या त्यामुळे अपुरी ठरते. राष्ट्रपती कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसतात. तथापि त्यांच्या अनुमतीशिवाय एकाही विधेयकाचे कायद्यात रूपांतर होत नाही. अधिवेशन बोलावणे, सत्रसमाप्ती करणे आणि लोकसभा विसर्जित करणे हे अधिकारही त्यांच्याच नावाने वापरले जातात. मात्र हे सारे मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसार घडते आणि ही मंत्रिपरिषद लोकसभेला जबाबदार असते.

येथेच संसदीय शासनपद्धतीतील मूळ प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांची निवड स्वतंत्रपणे होते. भारतात मात्र कार्यकारी मंडळ कायदेमंडळातूनच जन्माला येते आणि त्याच कायदेमंडळात बहुमताच्या बळावर टिकून राहते. ज्या सभागृहाने सरकारवर अंकुश ठेवायचा, त्याच सभागृहातील बहुमत सरकारच्या पाठीशी असते. मग हा अंकुश प्रत्यक्षात कोण ठेवतो आणि कसा? संसदेची रचना, कायदे करण्याची रीत, तिजोरीवरील नियंत्रण आणि प्रश्न विचारण्याचा हक्क या सर्वांचा अभ्यास या एका प्रश्नाच्या आधारे केल्यास घटनेतील तरतुदी सुट्या न राहता त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

मतदारापासून लोकसभेपर्यंत

लोकसभा हे जनतेने प्रत्यक्ष निवडून दिलेले सभागृह आहे. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात पार पडली. सुकुमार सेन हे त्या वेळी मुख्य निवडणूक आयुक्त होते. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांना एकाच वेळी समान मताधिकार देण्यात आला. शिक्षण, मालमत्ता वा लिंग यांची कोणतीही अट घालण्यात आली नाही. मतदारांपैकी बहुसंख्य निरक्षर असल्याने प्रत्येक पक्षाला निवडणूक चिन्ह देण्यात आले. लोकसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी झाली आणि गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी यापूर्वी मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविले होते.

८१ व्या अनुच्छेदानुसार राज्यांतून जास्तीत जास्त ५३० आणि केंद्रशासित प्रदेशांतून जास्तीत जास्त २० सदस्य निवडता येतात, अशी मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये निवडून आलेल्या अठराव्या लोकसभेच्या जागा ५४३ होत्या. त्यांपैकी ८४ जागा अनुसूचित जातींसाठी आणि ४७ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होत्या. महाराष्ट्राचा वाटा ४८ जागांचा, तर गोव्याचा २ जागांचा होता. आंग्ल-भारतीय समाजाच्या दोन सदस्यांची नियुक्ती करण्याची तरतूद १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर जानेवारी २०२० पासून चालू राहिली नाही. जुन्या पुस्तकांत आढळणारी ५५२ ही कमाल सदस्यसंख्या म्हणूनच आता ग्राह्य धरता येत नाही. मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आणले गेले. उमेदवाराचे किमान वय लोकसभेसाठी २५ वर्षे, तर राज्यसभेसाठी ३० वर्षे आहे.

निवडणुकीची पद्धत 'सर्वाधिक मते मिळविणारा विजयी' अशी आहे. या पद्धतीत एखाद्या पक्षाला मिळालेली मते आणि त्याला मिळालेल्या जागा यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही. स्थिर सरकार मिळण्याची शक्यता वाढते हा तिचा गुण, तर विखुरलेल्या मतांना सभागृहात स्थान मिळत नाही ही तिची उणीव होय. सभागृहातील बहुमत आणि देशातील जनमत यांत अंतर असू शकते. ही बाब लक्षात घेतली म्हणजे अल्पमतातील सदस्यांच्या हक्कांना संसदीय पद्धतीत इतके महत्त्व का दिले जाते, हे उमगते.

जागावाटपाचा पेच

प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा आणि त्या राज्याची लोकसंख्या यांचे प्रमाण शक्य तितके समान असावे, असे तत्त्व ८१ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. 'एक व्यक्ती, एक मत' याबरोबरच 'एक मत, एक मूल्य' हा त्यामागील विचार आहे. १९५२ मध्ये लोकसभेच्या ४८९ जागा होत्या. म्हणजे एका जागेमागे सुमारे साडेतीन लाख मतदार होते. २०२४ मध्ये मतदारांची संख्या सुमारे ९७ कोटी असल्याने एका जागेमागे जवळजवळ १८ लाख मतदार आले.

वाढत्या लोकसंख्येनुसार जागांचे फेरवाटप झाले असते, तर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम यशस्वी करणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व तुलनेने घटले असते. म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांमधील जागावाटप १९७१ च्या जनगणनेनुसार २००० सालापर्यंत गोठविले. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ च्या जनगणनेच्या आधारे राज्यांतर्गत मतदारसंघांच्या सीमा बदलण्यास वाव दिला. त्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केलेली पुनर्रचना २००८ पासून अमलात आली. मात्र त्या वेळी राज्यांमधील जागांची संख्या बदलली नाही.

या पेचात घटनेची दोन मूल्ये परस्परांसमोर उभी ठाकतात. समान मतमूल्याचा आग्रह धरला, तर लोकसंख्येला आवर घालणाऱ्या राज्यांना आपला आवाज क्षीण झाल्यासारखे वाटते. संघराज्यीय समतोलाचा आग्रह धरला, तर अधिक लोकसंख्येच्या राज्यातील नागरिकाच्या मताचे मूल्य कमी राहते. यास निखळ गणिती उत्तर नाही. राजकीय सहमतीनेच तोल साधावा लागतो. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात लोकसभेसाठी ८८८ आणि राज्यसभेसाठी ३८४ आसनांची व्यवस्था करण्यात आली, यावरून भावी विस्ताराचा विचार दिसून येतो.

महिलांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्नही या पुनर्रचनेशी जोडला गेला. १०६ व्या घटनादुरुस्तीने २०२३ मध्ये लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्ली विधानसभा यांत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. मात्र ही तरतूद त्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे होणाऱ्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर लागू व्हावयाची होती. २०१९ मध्ये लोकसभेवर ७८, तर २०२४ मध्ये ७४ महिला निवडून आल्या. हे प्रमाण एकसप्तमांशाच्या आसपास आहे.

राज्यसभेचे प्रयोजन

राज्यसभेची कमाल सदस्यसंख्या २५० आहे. त्यांपैकी साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील १२ सदस्य राष्ट्रपती नियुक्त करतात. उर्वरित सदस्य विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांकडून एकल संक्रमणीय मतपद्धतीने निवडले जातात. महाराष्ट्रातून १९, तर गोव्यातून १ सदस्य निवडला जातो. हे सभागृह कधीही विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. त्यामुळे एखाद्या निवडणुकीतील लाटेचा परिणाम राज्यसभेवर ताबडतोब होत नाही. लोकसभेत मोठे बहुमत असलेल्या सरकारलाही राज्यसभेत इतरांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, असे प्रसंग वारंवार आले आहेत.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. भारतात मात्र चौथ्या अनुसूचीतील जागावाटप मुख्यत्वे लोकसंख्येवर आधारलेले आहे. उमेदवार त्याच राज्यातील मतदार असावा, ही अट २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करून काढून टाकण्यात आली व मतदान खुल्या पद्धतीने होऊ लागले. कुलदीप नय्यर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे बदल वैध ठरविले.

दोन बाबतींत राज्यसभेला खास अधिकार आहेत. राज्यसूचीतील विषयावर संसदेने राष्ट्रहितासाठी कायदा करावा, असा ठराव २४९ व्या अनुच्छेदानुसार, आणि नवी अखिल भारतीय सेवा निर्माण करावी, असा ठराव ३१२ व्या अनुच्छेदानुसार राज्यसभेलाच करता येतो. दोन्ही ठरावांस उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोनतृतीयांश बहुमताची आवश्यकता असते.

विश्वास आणि अविश्वास

मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, हे ७५ व्या अनुच्छेदातील एक वाक्य संसदीय पद्धतीचा कणा होय. 'अविश्वास ठराव' हा शब्द राज्यघटनेत नाही; तो लोकसभेच्या कार्यपद्धतीविषयक नियमांत आहे. ठराव दाखल करून घेण्यासाठी ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. पहिला अविश्वास ठराव आचार्य जे. बी. कृपलानी यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध मांडला. तो नामंजूर झाला. परंतु भारत-चीन युद्धानंतर सरकारला आपल्या धोरणाचा जाहीर खुलासा करावा लागला.

अविश्वास ठरावावरील मतदानात आजवर एकही केंद्र सरकार पडलेले नाही. १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी मांडलेल्या ठरावावर मतदान होण्यापूर्वीच मोरारजी देसाई यांनी राजीनामा दिला. याउलट विश्वासदर्शक ठराव हरल्यामुळे १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह, १९९७ मध्ये एच. डी. देवेगौडा आणि १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांची सरकारे गेली. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. एका मताने सरकार गेले आणि ते निमूटपणे पायउतार झाले, यातच ७५ व्या अनुच्छेदाचे सामर्थ्य दिसून येते.

कायदा करण्याची सत्ता

सातव्या अनुसूचीतील संघसूचीवर केवळ संसदेला आणि समवर्ती सूचीवर संसद व राज्य विधानमंडळे या दोहोंना कायदे करता येतात. कोणत्याही सूचीत नसलेले विषय २४८ व्या अनुच्छेदानुसार संसदेकडे येतात. प्रत्येक विधेयक दोन्ही सभागृहांत तीन वाचनांतून जाते. पहिल्या वाचनात ते मांडले जाते. दुसऱ्या वाचनात तत्त्वांवर आणि नंतर एकेका खंडावर विचार होतो. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक स्वीकारण्याचा वा फेटाळण्याचा निर्णय होतो.

खरी छाननी बहुधा समितीच्या टप्प्यावर होते. विभागसंबद्ध स्थायी समित्या १९९३ मध्ये स्थापन झाल्या. त्या वेळी त्या १७ होत्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. या समित्या तज्ज्ञांचे म्हणणे ऐकतात आणि अधिकाऱ्यांना पाचारण करतात. बैठका बंद दाराआड होत असल्याने सदस्य पक्षीय भूमिका काहीशी बाजूला ठेवून बोलू शकतात. तथापि विधेयक समितीकडे पाठविणे बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. बैठकांच्या संख्येतही असाच फरक आढळतो. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, तर सतराव्या लोकसभेच्या २७४. कामकाजाचा वेग आणि छाननीची खोली यांचा मेळ कसा घालावा, हा संसदेच्या कार्यक्षमतेसंबंधीचा खरा प्रश्न आहे.

साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास किंवा दुसऱ्या सभागृहाने सहा महिन्यांहून अधिक काळ ते पारित न केल्यास १०८ व्या अनुच्छेदानुसार संयुक्त बैठक बोलावता येते. असे आजवर तीनदाच घडले : १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक विधेयकासाठी, १९७८ मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्यासंबंधीच्या विधेयकासाठी आणि २००२ मध्ये दहशतवाद प्रतिबंधक विधेयकासाठी. धन विधेयक व घटनादुरुस्ती विधेयक यांसाठी संयुक्त बैठक घेता येत नाही.

संसदेचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती १२३ व्या अनुच्छेदानुसार अध्यादेश काढू शकतात. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्यास मान्यता न मिळाल्यास तो संपुष्टात येतो. अध्यादेशांचा सर्रास वापर होऊ नये, असे मावळंकरांनी पंतप्रधान नेहरूंना पत्राद्वारे कळविले होते. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील संशोधक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमधील अध्यादेशांचा अभ्यास केला. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश वारंवार पुन्हा काढून जिवंत ठेवण्यात आले होते आणि काही तर दहा वर्षांहून अधिक काळ अमलात होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा म्हणजे राज्यघटनेशी केलेली फसवणूक ठरविली. कृष्णकुमार सिंग खटल्यात २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने हे तत्त्व अधिक दृढ केले. कायदा करण्याचा मूळ अधिकार कायदेमंडळाचा असून अध्यादेश हा अपवाद आहे, हा या निकालांचा मथितार्थ होय.

तिजोरीवरील सत्ता

राज्यसत्तेचा सर्वांत मूर्त आविष्कार कर आकारण्यात आणि पैसा खर्च करण्यात दिसतो. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही (अनुच्छेद २६५) आणि कायद्याने विनियोजन केल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही (अनुच्छेद ११४). अर्थसंकल्प म्हणजे घटनेच्या परिभाषेत 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र'. २०१७ पासून तो १ फेब्रुवारीला मांडण्यास सुरुवात झाली आणि त्याच वर्षी स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्पाची प्रथा संपुष्टात आली.

खर्चाचे दोन प्रकार असतात. राष्ट्रपती, लोकसभाध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांची वेतने आणि सरकारी कर्जावरील व्याज असा खर्च एकत्रित निधीवर 'प्रभारित' असतो. त्यावर चर्चा होऊ शकते. मतदान होत नाही. उर्वरित खर्च अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने लोकसभेपुढे येतो. लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते अथवा तीत कपात करू शकते. वाढ मात्र करू शकत नाही. धोरणाला विरोध दर्शविण्यासाठी मागणी एक रुपयावर आणावी, अशी कपात सूचना मांडली जाते. विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी शंभर रुपयांची कपात सुचविली जाते. रक्कम क्षुल्लक असली तरी आशय मोठा असतो, कारण कपात सूचना मंजूर होणे म्हणजे सरकारने विश्वास गमावणे होय.

चर्चेसाठी नेमलेला वेळ संपला की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. यास 'गिलोटिन' म्हणतात. त्यामुळे सभागृहात न होणारी छाननी स्थायी समित्यांनी करणे अपेक्षित असते. खर्च झाल्यानंतरचा हिशेब नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या आधारे लोकलेखा समिती तपासते. १९२१ मध्ये सुरू झालेल्या या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सदस्य असतात; मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. सरकारच्या खर्चाची तपासणी विरोधकाच्या अध्यक्षतेखाली व्हावी, हा संकेत कोणत्याही लिखित नियमाइतकाच मोलाचा आहे.

धन विधेयकाच्या बाबतीत राज्यसभा केवळ शिफारशी करू शकते आणि त्यासाठी तिला १४ दिवसांची मुदत असते. एखादे विधेयक धन विधेयक आहे किंवा नाही, याविषयी लोकसभाध्यक्षांचा निर्णय ११० व्या अनुच्छेदानुसार अंतिम असतो. हा निर्णय न्यायालयाला कितपत तपासता येईल, हा प्रश्न आधार कायद्याच्या खटल्यात २०१८ मध्ये चर्चिला गेला आणि रॉजर मॅथ्यू खटल्यात २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. धन विधेयकाच्या वर्गीकरणावर राज्यसभेचा विधायक अधिकार अवलंबून असल्याने हा वाद निव्वळ तांत्रिक नाही.

प्रश्न विचारण्याची सत्ता

प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्र्याला सभागृहासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न निवडले जातात. लोकसभेत हा तास सकाळी ११ वाजता सुरू होतो; राज्यसभेत २०१४ पासून तो दुपारी १२ वाजता घेतला जाऊ लागला. 'शून्य प्रहर' मात्र नियमांत नसून भारतीय संसदीय व्यवहारातून रूढ झाला आहे.

या साधनाचे सामर्थ्य १९५७ मधील मुंध्रा प्रकरणातून स्पष्ट होते. आदल्या वर्षीच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपास किमतीचे समभाग खरेदी केले होते. फिरोझ गांधी यांनी लोकसभेत हा व्यवहार उजेडात आणला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याची जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारकडे प्रचंड बहुमत होते. विरोधी पक्ष विखुरलेला होता. प्रश्न विचारणारे सदस्य सत्ताधारी पक्षाचेच होते. तरीही सरकारला उत्तर द्यावे लागले. उत्तरदायित्व हे संख्याबळावर नव्हे, तर सदस्याचा अभ्यास आणि सभागृहाने त्याला दिलेला अवकाश यांवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

पक्षादेश आणि सदस्याचा विवेक

पक्षांतराच्या वाढत्या प्रकारांना आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची जोडण्यात आली. पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणारा किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा सदस्य अपात्र ठरतो. एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला मिळणारे संरक्षण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून घेतले. दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची तरतूद मात्र राहिली. याच दुरुस्तीने मंत्रिपरिषदेची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष वा सभापती देतात आणि तो न्यायालयीन पुनर्विलोकनास पात्र असतो, असे किहोटो होलोहान खटल्यात १९९२ मध्ये ठरले.

या कायद्याने सरकारे पाडण्याच्या घाऊक व्यवहारांना काही प्रमाणात लगाम बसला. त्याची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. पक्षादेश केवळ विश्वासदर्शक ठराव व अर्थसंकल्पापुरता नसून कोणत्याही विधेयकावर काढता येतो. त्यामुळे विधेयकाच्या गुणदोषांवर स्वतंत्र मत बनविणाऱ्या सदस्याला ते मतदानातून व्यक्त करणे अवघड होते. बोलण्यावर मात्र अशी बंदी नाही. १०५ व्या अनुच्छेदाने सभागृहातील भाषणाला संरक्षण दिले आहे. या संरक्षणाच्या आडून मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणे क्षम्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन खटल्यात मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले.

घटनादुरुस्तीची सत्ता आणि तिची सीमा

३६८ व्या अनुच्छेदानुसार घटनादुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात दुहेरी बहुमत लागते : एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत पहिल्या अटीसाठी २७२ मते हवीत. ४५० सदस्यांनी मतदान केले, तर दुसऱ्या अटीनुसार ३०० मते लागतील आणि तेवढ्यात दोन्ही अटी पूर्ण होतील. ३९० सदस्यांनीच मतदान केले, तर दोनतृतीयांश म्हणजे २६० मते पुरेशी वाटतील. परंतु पहिल्या अटीमुळे २७२ मते मिळवावीच लागतील. संघराज्यीय स्वरूपाच्या तरतुदींसाठी याशिवाय किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागते. वस्तू व सेवा कराची १०१ वी घटनादुरुस्ती २०१६ मध्ये याच मार्गाने झाली.

ही सत्ता अमर्याद नाही. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने निर्णय दिला की, संसद राज्यघटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते. मात्र राज्यघटनेची मूलभूत चौकट बदलू शकत नाही. मिनर्व्हा मिल्स खटल्यात १९८० मध्ये हे तत्त्व पुन्हा अधोरेखित झाले आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९ वी घटनादुरुस्ती त्याच आधारे रद्दबातल ठरली. ब्रिटनमध्ये संसद सार्वभौम मानली जाते. भारतात राज्यघटना सर्वश्रेष्ठ असून संसद तिच्या चौकटीत सत्ता वापरते.

राष्ट्रपतींची अनुमती हाही एक थांबा आहे. धन विधेयक व घटनादुरुस्ती विधेयक वगळता अन्य विधेयक ते पुनर्विचारार्थ परत पाठवू शकतात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभपदासंबंधीचे विधेयक असे परत पाठविले. संसदेने ते पुन्हा पारित केल्यावर त्यांनी अनुमती दिली. अंतिम शब्द संसदेचाच राहिला, पण विचार दोनदा झाला.

समारोप

संसदेची सत्ता दोन पायऱ्यांनी घडते. पहिल्या पायरीवर मतदार आपले प्रतिनिधी निवडतात आणि त्या प्रतिनिधींच्या विश्वासावर सरकार उभे राहते. दुसरी पायरी सरकार स्थापन झाल्यानंतरची असते. समितीतील छाननी, प्रश्नोत्तराचा तास, कपात सूचना, लोकलेखा समितीचा अहवाल, राज्यसभेतील दुसरा विचार ही सर्व साधने बहुमताचे सरकार असतानाही चालू राहावीत, अशीच योजिलेली आहेत. बहुमतामुळे सरकारला निर्णय घेण्याचा अधिकार मिळतो; त्या निर्णयाची कारणे सांगण्याच्या कर्तव्यातून मात्र त्याची सुटका होत नाही.

मतदारसंघांची पुनर्रचना, महिलांचे आरक्षण, समित्यांचा वापर, बैठकांची संख्या व पक्षादेशाची व्याप्ती या विषयांकडे पाहताना अभ्यासकाने हीच कसोटी लावावी : या व्यवस्थेमुळे सभागृहात अधिक नागरिकांचा आवाज पोहोचतो काय आणि पोहोचलेल्या आवाजाला उत्तर मिळते काय? पहिल्या प्रश्नाचा संबंध संसदेच्या घडणीशी आहे, दुसऱ्याचा तिच्या सत्तेच्या वापराशी. दोहोंची उत्तरे होकारार्थी असतात, तेव्हाच ७५ व्या अनुच्छेदातील 'जबाबदार' हा शब्द पुस्तकातून सभागृहात उतरतो.